एकेक ओळ वेगळी टाक

ता. ९ मार्च, दुपारी, दुकानातून

चि. ठमे,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. फोनवर तू रडतेस, मग मी खेकसते, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस.

आधी कॉम्प्युटरचं. इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांना लावायच्या चिठ्ठ्या छापायला तू नवा प्रोग्राम पाठवलास, तो आपल्या म्हाताऱ्या डब्यावर चालेना. दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, याला सगळं येतं, आवृत्ती लिहिलीय बघा वर." तू म्हणालीस, वरच्या पाटीवर जाऊ नकोस, प्रोग्रामची एकेक ओळ टाक आणि त्याला त्या भाषेतलं खरंच काय काय येतं ते बघ. मी शहाणी, सगळ्या ओळी एकदम टाकल्या. पडदा लाल! त्याला येणाऱ्या ओळीसुद्धा चालेनात. मग एकेक टाकली. दुकानाचं नाव छापतो. बेरीज करतो. तुझी ती बाणाची खूण घालून लिहायची नवी पद्धत काही येत नाही त्याला. तेवढं तू जुन्या पद्धतीनं लिहून दिलंस आणि परवापासून चिठ्ठ्या निघतायत. बास, झालं कौतुक.

आता तू दर फोनला जे विचारतेस आणि मी दूध उतू चाललंय म्हणून ठेवून देते, ते. एवढं दूध आपल्याकडे येतच नाही.

अर्धांगाचा झटका आल्यावर दवाखान्यानं कागदावर लिहून दिलं, बाबांना बोलता येत नाही पण समजतं सगळं. मी तेच धरून बसले. रोज त्यांच्यापुढे टकळी, ठमीचा फोन होता, ठमी सुट्टी काढून येणारे, ठमी अशी नि तशी. ते छताकडे बघायचे. काल मनात आलं, हा कागद म्हणजेही पाटीच की.

"पाणी" म्हटलं. त्यांनी भांड्याकडे बघितलं. "इस्त्री" म्हटलं, तर चांगला हात चादरीवरून सरकला, सुरकुती काढल्यासारखा.

"ठमी" म्हटलं.

माझ्याकडेच बघत राहिले. परत म्हटलं. मग मी ओरडले, माझी जीभ तुला माहीतच आहे. ते दचकले गं. तुझा फोटो हातात दिला, तर कडा सारख्या करून गादीवर ठेवला, गिऱ्हाइकाच्या रुमालासारखा.

नाही येत. तेवढं एक नाही येत.

तू ये. पण दारातूनच "बाबा, ओळखलंत का?" करू नकोस. काही विचारूच नकोस. पाण्याचं भांडं घे आणि त्यांच्या ओठाला लाव. पाणी येतं त्यांना. पिऊन झालं की देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, थोडा वेळ. तेवढा वेळ समोर थांब, डोळे कोरडे ठेव.

मग स्वयंपाकघरात ये माझ्याकडे. दूधबीध काही उतू जात नसतं. सावकाश रडू.

वाट बघणारी एकटीच,
तुझी आई