खालचं मैदान

बुधवार, १४ मार्च

नाही म्हणाला! चषकाचा सामना, देशाच्या दक्षिणेतला नावाजलेला संघ इथे उत्तरेत आमच्याकडे येणार, आणि मी सराव घेते त्या विद्यापीठाच्या मुलींनी खेळायचं खालच्या मैदानावर — सामुद्रधुनीच्या काठाला, जिथे मोठ्या भरतीला पाणी चढतं. वरचं मैदान, बाकं आणि पत्र्याचं छप्पर असलेलं, पुरुषांसाठी राखीव.

एम्रिस पॅरी, गावच्या क्लबचा अध्यक्ष; दोन्ही मैदानं क्लबची. माझा धाकटा भाऊ. "गवताला विश्रांती हवी, नेस्टा."

विचारलं, बायकांच्या बुटांचे खिळे जास्त लांब असतात का? हसला. कमिटीतले बाकीचेही हसले.

मी इथेच कॉलेजात होते तेव्हा बायकांच्या फुटबॉलवरची बंदी नुकतीच उठली होती. तरी मैदान मिळायचं नाही. कारण तेव्हाही गवतच!

रविवार, १८ मार्च

सराव. पोरी धुमसताहेत. टेस्नी — कर्णधार, मेंढपाळाची लेक, शाळेत माझ्या हाताखाली होती म्हणून अजून मला 'मिस' म्हणते — म्हणाली, मैदान नापास झालं तर नियमाने सामना दक्षिणेत जाईल. तिकडे आमचा चुराडा होईल.

खरं आहे. पण त्याच नियमात पुढची ओळही आहे: यजमानांकडे दुसरं मैदान असेल, तर सामना तिथे. कमिटीतल्या कोणी तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही. मी आठवण करून दिली नाही. दिली असती तर 'दुसरं मैदान उपलब्ध नाही' असं आधीच कळवून मोकळे झाले असते.

टेस्नीला धावायला पाठवलं. रडगाणं नको.

गुरुवार, २२ मार्च

एम्रिस चहाला आला. जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे भरती-ओहोटी गाव मलाच विचारतं. विचारलं, रविवारी सामना, पाणी कधी चढेल? भरतीच्या वेळांची पुस्तिका त्याच्यापुढे धरली. बारा. मग त्यानेच हिशेब मांडला — एकपर्यंत ओसरेल, एकला रेफरी मैदान बघेल, दोनला सामना. आणखी एक केक घेऊन गेला.

शनिवार, २४ मार्च

मनुकांचा पाव भाजला. मटणाचं सूप उद्यासाठी उकळून ठेवलं. पाहुणे हरोत की जिंकोत, उपाशी जायचे नाहीत.

रविवार, २५ मार्च

एक वाजता खालचं मैदान म्हणजे तळं! मधल्या वर्तुळात एक बदक निवांत. रेफरीने चेंडू ठेवला, तो तरंगत कोपऱ्याच्या झेंड्याकडे निघाला.

एम्रिस एकदा पाण्याकडे बघे, एकदा घड्याळाकडे. मग त्याची ट्यूब पेटली. "अगं, आज पहाटे उन्हाळी वेळ लागली, देशभर घड्याळं तासभर पुढे गेली! पुस्तिकेत हिवाळ्याचीच वेळ असते. म्हणजे बाराची भरती आत्ता, एकला! जन्म काठावर गेला तुझा, आणि तास मिळवायला विसरलीस?"

सगळ्यांसमोर. तोही विसरला होता, ते सोयीने राहून गेलं. मी बदकाकडे बघत राहिले.

पाहुण्यांचा प्रशिक्षक खुशीत. म्हणाला, काही हरकत नाही, सामना आमच्याकडे खेळू. "तुमच्या पोरींना कोरडं मैदान कसं असतं तेही दाखवू."

एम्रिसचे कान लाल झाले. रेफरीने विचारलं, दुसरं मैदान आहे का? सगळ्यांच्या माना वरच्या फाटकाकडे. किल्ली एम्रिसच्या खिशात. तो गवताचं पुटपुटायला लागला.

टेस्नी पुढे झाली. "नाही म्हणायचं असेल तर म्हणा, मिस्टर पॅरी. पण मोठ्याने म्हणा. दोन्ही संघांना ऐकू जाऊ दे."

पाहुण्यांचा प्रशिक्षक तेवढा अजून हसत होता.

"दक्षिणेला फुकटचा सामना?" एम्रिस म्हणाला. "मी जिवंत असताना नाही." आणि फाटक उघडलं.

पोरी चढावरून धावतच गेल्या. क्लबात बिअर पीत बसलेले पुरुष ग्लास घेऊन बाहेर आले, उगाच बघायला. टेस्नीच्या दुसऱ्या गोलला तेच छपराचा पत्रा बडवत होते.

हरलो. तीन-दोन, शेवटच्या मिनिटाला. पोरी रडल्या. रडू दिलं. मग सांगितलं, डोळे पुसा आणि सूप वाढा. प्रशिक्षकाने दोन वाट्या घेतल्या. आता हसत नव्हता.

सोमवार, २६ मार्च

गावभर माझी टिंगल. खाटीक म्हणे, "मिस, किती वाजले?" सांगितलं, तुझं दुकान उघडण्याची वेळ झाली.

बुधवार, २८ मार्च

एम्रिस येऊन गेला. खालचं मैदान वाळेना, तेव्हा एप्रिलचे सामने मुलींनी वर खेळावेत — कमिटी म्हणते. म्हणजे पत्रा बडवणारे म्हणतात. जाताना दारातून म्हणाला, "आणि यापुढे भरतीचं मी स्वतः बघीन."

बघ बाबा. मी तुला पाळण्यापासून ओळखते. शनिवारी झोपण्यापूर्वी घरातली सगळी घड्याळं पुढे केली होती मी. दरवर्षी करते.