क्वालिफायर या शब्दाची नोंद

प्रिय बुटके,

तू माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस त्याला चाळीस वर्षं होतील, तरी हे नाव माझ्या तोंडातून जात नाही. राग मानू नकोस. तुझं पत्र सोमवारी मिळालं. पन्नाशीपुढच्या बायकांची पोहण्याची स्पर्धा, पात्रता फेरीत तीसजणी, त्यांतून निवडलेल्या आठांत तू आठवी! पहिलं पान वाचून मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. मग पान उलटलं. मी आपली नुसती क्वालिफायर, रविवारी अंतिम फेरीत उतरून कशाला हसं करून घेऊ, शुक्रवारी नाव मागे घेते, असं तू लिहिलेलं. चहा फुकट गेला की माझा.

इकडे सगळं छान आहे. निवृत्त झाल्यापासून ह्यांना सुतारकामाचं वेड लागलंय. बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही, तिसरं स्टूल तयार झालंय आणि तेही डुगडुगतं. मी म्हणते, तसं बरं जमलंय. मग स्वारी दिवसभर खुशीत असते. माझेही चार महिने राहिले. आमचा इंग्रजी-मराठी शब्दकोश आत्ता कुठे क्यू अक्षरावर आलाय, तेव्हा झेड काही मी खुर्चीत बसून बघत नाही.

आणि योगायोग बघ, याच आठवड्यात क्वालिफायर हा शब्द माझ्याच टेबलावर आला. त्याचे दोन अर्थ. एक म्हणजे दुसऱ्या शब्दाला चिकटून त्याचा जोर कमी-जास्त करणारा शब्द: जरा, बहुधा, बऱ्यापैकी, तसा. तो मी चुटकीसरशी लिहिला, घरचाच माल आहे. दुसरा अर्थ तुझा. तुझं पत्र पर्समध्येच होतं, त्या तंद्रीत लिहून गेले: 'पात्रता फेरीतून कसाबसा पुढे आलेला स्पर्धक'. दुपारी कार्ड परत आलं. आमच्या संपादकांनी 'कसाबसा'भोवती लाल गोल काढून बाजूला लिहिलं होतं, पुरावा काय? मी हा शब्द आलेले वीसेक उतारे उपसले. कुठेही 'कसाबसा' नव्हता. जो फेरी पार करतो तो क्वालिफायर, बस्स. पहिला आला काय नि आठवा आला काय, अंतिम फेरीत पाणी सगळ्यांना सारखंच. शब्द माझ्या पदरचा होता. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदींतले असले शब्द खोडण्याचा पगार घेतला, आणि स्वतः हे दिवे लावले. लाज वाटली गं.

तो लाल गोल डोळ्यांपुढून हलेना. कारण हे मी पहिल्यांदा केलेलं नाही. तू चौदाची होतीस, मी एकोणिसाची. शाळांच्या स्पर्धेच्या दिवशी बाबांना छापखान्यातून रजा मिळाली नाही, म्हणून तुझ्याबरोबर मी आले होते. तू भिंतीला हात लावून वर बघितलंस तेव्हा बाकीच्या पोरी अजून निम्म्यात होत्या. क्रीडा वसतिगृहाचे सर तलावाच्या काठावरूनच मला म्हणाले, हिला आमच्या वसतिगृहात पाठवा, हिचं आम्ही बघतो. संध्याकाळी बाबांनी बूट काढता काढता मला विचारलं, "खरं सांग, कशी पोहते गं ती?" मी म्हणाले, "तशी बरी पोहते."

तेवढंच. खोटं काही नाही. पण माझ्या शब्दावर बाबांचा किती भरवसा, तुला ठाऊक आहे. बरं पोहण्यासाठी पोरीला एवढ्या लांब कशाला ठेवायचं, म्हणून त्यांनी सरांना नाही कळवलं. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू गेलीस की त्या दोन खोल्यांत मी आणि बाबा, आणि बाबा तर बोलायचेच नाहीत. मला भीती वाटली. तू त्यांच्याशी सहा महिने अबोला धरलास. त्यांनी तो निमूट सोसला, आणि मी दोघांना वाढत राहिले.

तुझं पुढे चांगलंच झालं. त्याच तलावावर तू शेकडो मुलांना पोहायला शिकवलंस, तुझं घर हसतंखेळतं आहे, हे बघून माझं मी सोयीस्करपणे विसरलेही. बाबा गेले ते 'नाही' आपल्या नावावर घेऊन. पण तुझ्या पत्रातलं ते 'नुसती' वाचलं आणि कळलं, हा शब्द तुला मीच लावला. म्हणून हे पत्र. त्या संध्याकाळचं उत्तर मी आज बदलते. बाबा, तिच्यासारखं पोहताना मी कुणाला पाहिलेलं नाही. शुक्रवारी नाव मागे घेऊ नकोस, शनिवारच्या गाडीने मी येते आहे. माझ्यावर रागव, हवं तितकं रागव, पण पोहून झाल्यावर.

तुझीच,
ताई