लिंबोणीची बाग आणि बारा लुगडी

लिहून ठेवणार : गोजरबाई भ्र. भीमा लगड, वय ७८, धंदा शेती, राहणार काष्टी, ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर.

मी आज पुरत्या शुद्धीत आणि खुशीत असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शाळेत गेले नाही, नातवाच्या पुस्तकांवर अक्षरं शिकले, तरी वळणाला हसू नये.

१. राहतं घर मुलगा कल्याण याला. ओसरीवरची माझी बाज मात्र हलवू नये.

२. माझ्या नावावरची वीस गुंठे लिंबोणीची बाग. ती देण्याआधी एक कबुली. पणती ज्ञानेश्वरी झाली तेव्हा नातसून मोनिकाने दुकानातले डायपर आणले. मी एकात फुलपात्रभर पाणी ओतून बघितलं, थेंब खाली आला नाही. वाटलं, आपल्या कोरड्या भागात ही चीज झाडाच्या बुडाशी पाहिजे. मग वापरलेले डायपर मी रोज गुपचूप आळ्यांत पुरले. अशी अकरा झाडांची आळी भरली.

यंदा नातू ओंकारने आळी खांदली तर सगळे जसेच्या तसे निघाले. पोरगी चालायला-बोलायला लागली, तरी डायपरवर छापलेली अस्वलं हसतच होती. ओंकार मोनिकावर ओरडला, "तुझा कचरा बागंत टाकतीस व्हय?" मी चुलीपाशी भाकरी थापत गप्प बसले. ते अजून टोचतं. दोष माझा होता, तिचा नव्हे.

३. माझी बारा सुती लुगडी, धुऊन धुऊन मऊ झालेली, दिवाळीत मोनिकाला होणाऱ्या बाळाच्या लंगोटांसाठी फाडावीत. मातीत गेली तर त्यांची मातीच होईल. हे सांगितल्यावर मोनिका म्हणाली, "आजी, लंगोट चांगलेच, पण शाळेची नोकरी करून रोज वीस धुणार कोण? आन टँकरच्या दिवसांत पानी कुठलं?" तिचं खरं होतं. चार लेकरांचे लंगोट मी एकटीने धुतले. मालकांनी, देव त्यांचं भलं करो, एकही पिळला नाही. वास येतो म्हणून मळ्यात जेवायचे.

४. सबब बाग ओंकारला, पण बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत लंगोट त्याने स्वतःच्या हाताने धुवावेत या अटीवर. शेवटचं खळबळलेलं पाणी लिंबोणीला सोडावं. प्रवासात, दवाखान्यात आणि टँकर चुकेल त्या दिवशी विकतचा डायपर चालेल. मी हट्टी आहे, आंधळी नाही. तो पुरू नये, गुंडाळून घंटागाडीत द्यावा. अट पाळली की नाही ते मोनिका ठरवील. मोडली तर बाग तिची.

ओंकार म्हणाला, "आज्जे, गावात त्वांड कसं दाखवू?"
म्हटलं, "दोरीवर वाळत घालताना दिसंलच की."

५. हे सारं मोनिकाला वाचून दाखवलं. कलम दोनला ती हसली. "आजी, तुमी खुरपं घेऊन जाताना मी रोज खिडकीतनं बघत हुते."
"मग ओंकार वरडला त्या दिवशी बोलली का न्हाईस?"
"तुमी लई खुशीत पुरत हुता. तुमचं मन कशाला मोडायचं?"

सबब माझी पुतळ्यांची माळ तिला, बिनअटीची.

वकील म्हणतात, हा कागद मी गेल्यावर लागू होईल. कलम चार मात्र दिवाळीपासूनच लागू. पिळायला शिकवायला मी आहे.

साक्षीदार :
१. भागवत शिंदे, किराणा दुकानदार (डायपर विकतो, नाराज आहे, तरी सही केली.)
२. सविता कोथिंबिरे, शेजारीण (तिच्या ओट्यावरून आमची दोरी नीट दिसते.)

ठिकाण : काष्टी. तारीख : १४ जुलै २०२५.

सही : गोजरबाई भीमा लगड
(अंगठा नाही. सही आहे.)