धुतलेलं मांस

१४ नोव्हेंबर

काराकोलच्या डॉक्टरने आज आडपडदा न ठेवता सांगितलं — यांची फुप्फुसं संपत आलीत. गार वारा नको, घोडा तर मुळीच नको. हे टोपी डोक्यावर चढवत म्हणाले, "ठीक आहे. रविवारनंतर."

रविवारी गरुडवाल्यांच्या क्लबची सशांची शिकार! मोसमातली पहिली. डॉक्टर माझ्याकडे बघतोय, मी डॉक्टरकडे. परतीच्या बसमध्ये हे खिडकीतून डोंगर बघत बसले होते. वर बर्फ किती पडलाय, माग कसे दिसतील — सगळं मलाच सांगत होते.

१६ नोव्हेंबर

क्लबचा प्रमुख मेलिस येऊन गेला. यांच्याच हाताखाली शिकलेला, यांना थोरला भाऊ मानून 'आके' म्हणणारा. दांडीवरच्या आमच्या गरुडमादीकडे बोट दाखवून म्हणाला, "आके, बर्चिनला तुमच्याकडे तेरा वर्षं झाली. बारा झाली की गरुड सोडायचा, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. पोटभर खाऊ घालायचं, पायातल्या वाद्या काढून पाय मोकळे करायचे आणि रानात सोडायचं."

"वसंतात बघू."

मागच्या वर्षीही वसंतातच बघणार होते.

निघताना मेलिस दारात हळूच म्हणाला, "वहिनी, त्यांच्यानंतर ती दुसऱ्या कुणाच्या हातावर बसायची नाही, लक्षात ठेवा." त्यांच्यानंतर! जीभ कशी झडली नाही मेल्याची.

१७ नोव्हेंबर

मांस धुऊन बोटं बधिर झालीत. शिकारीआधी आठवडाभर हेच. पाण्यात पिळून पिळून रक्त काढायचं, अगदी पांढरं पडेपर्यंत. असलं मांस पोटात जातं, पण अंगी लागत नाही. भूक शिल्लक असली की गरुड उडतो आणि मालकाकडे परत येतो. यांचे हात थरथरतात म्हणून दोन वर्षं हे काम माझं. पायातल्या चामडी वाद्याही मीच शिवते. आणि राणीसरकार दांडीवर बसून बघत असतात. सवतच ती! चौतीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्यासाठी कधी गाणं म्हटलं नाही. तिच्यासाठी रोज म्हणतात.

आज गाताना मध्येच खोकला आला. रुमाल लपवला. मला दिसला.

एक विचार डोक्यात आलाय. पोट भरलेला गरुड हातावरून हलतच नाही. हलला नाही तर शिकार नाही. शिकार नाही तर हे तासाभरात घरी, शेकोटीपाशी.

१८ नोव्हेंबर

मांस धुतलं नाही. लालभडक मेंढीचं, दोनदा घातलं. तिने चोच पुसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

१९ नोव्हेंबर

लिहायला हात धजत नाही. पण दुसरं कोणाला सांगू?

सकाळी यांनी तिला हातावर घेतलं आणि थबकले. म्हणाले, "आज जड लागतेय गं ही."

मी म्हटलं, "ती नाही जड झाली. तुम्ही वाळलात."

माझ्याकडे बघून हसले.

सात घोडे, सात गरुड. आम्ही बायका खाली गाडीपाशी, चहा आणि पिठाचे तळलेले बोरसोक घेऊन. मेलिसच्या नव्या गरुडाने पहिला ससा सोडला आणि एका झुडपावर झडप घातली. "अरे, तो काय शाकाहारी झाला का?" म्हणत सगळ्यांनी मेलिसची टर उडवली. मीही हसले. हसले मी!

हे एकटेच वरच्या कड्यावर गेले. बराच वेळ पाठमोरे उभे होते. मला वाटलं, दम लागलाय. खालून माणसांनी आरडाओरडा करून ससा उठवला, चांगला मोठा, उघड्या बर्फावरून पळणारा. यांनी बर्चिनच्या डोळ्यांवरची टोपी काढली आणि हात उंचावला.

ती उडाली! सशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक घिरटी घातली, दुसरी घातली आणि सरळ दक्षिणेला, बर्फाच्या शिखरांकडे. सगळे ओरडत होते. यांनी हाकसुद्धा मारली नाही. आवाजच फुटला नसेल, छाती तशी.

चौतीस वर्षं गरुडवाल्याची बायको आहे मी. पोट भरलेली हलणार नाही एवढंच धरून बसले. हललीच तर परत कशाला येईल, हे सुचलं कसं नाही मला?

२० नोव्हेंबर

मेलिस आणि बाकीचे अंधार पडेपर्यंत शोधत होते. नाही. मेलिस म्हणाला, "पायात वाद्या आहेत तिच्या. झाडाझुडपात अडकली तर उलटी लटकून मरेल, वहिनी." त्या वाद्या माझ्याच हातच्या. पक्क्या शिवल्यात. तुटायच्या नाहीत.

२३ नोव्हेंबर

हे शोधायला गेले नाहीत. एकदाही नाही. भिंतीला टेकून चहा पितात. मी ओरडले, "तेरा वर्षं जिला पोटाशी धरलीत, ती कुठे लटकून मेली असेल, आणि तुम्ही चहा पिताय? माणूस आहात की दगड?"

"थंडी आहे. डॉक्टरने सांगितलंय ना, बाहेर जाऊ नका."

डॉक्टरचं ऐकायला आत्ता मुहूर्त सापडला! मी दार आपटून गोठ्यात गेले आणि तिथे खूप रडले. सांगून टाकावं असं चार वेळा वाटलं.

३० नोव्हेंबर

अंगणातली दांडी रिकामी. तरी सकाळी मांसाचं भांडं हातात घेतलं. सवय.

६ डिसेंबर

आता उठवत नाही यांना. आज माझा हात धरला, बोटं चोळत बसले. म्हणाले, "गार पाण्यात फार काम केलंस. आता नको करत जाऊस."

सांगायला हवं होतं. आज तरी.

११ डिसेंबर

पहाटे गेले.

१४ डिसेंबर

मातीला आलेल्यांमध्ये मेलिस लहान मुलासारखा रडत होता. "बर्चिन गेली तिथेच आके संपले," म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मी मान खाली घातली. यांना मी मारलं. दोघांनाही मी मारलं.

२ जानेवारी

रोज दक्षिणेला बघते. काही नाही.

१९ जानेवारी

आज चाळिसावा दिवस. मेंढी कापली, माणसं जेवली. यांचे कपडे वाटायला काढले. शिकारीचा कोट मेलिसला द्यायचा होता, म्हणून खिसे चाचपले. आतल्या खिशात दोन चामडी वाद्या. टाके माझे. सुरीने कापलेल्या, दोन्ही. कड्यावर पाठमोरे उभे होते ते यासाठी.

म्हणजे जड का लागतेय, ते यांना सकाळीच कळलं होतं!

कोट मेलिसला दिला. वाद्या माझ्यापाशी ठेवल्या.