छातीचं दुखणं हातावर नाही

बाबा, परवापासून मी वरणभात चमच्याने खाते आहे. एवढी मानहानी आपल्या घराण्यात कुणाच्या वाट्याला आली नसेल. तळहातावर धातूचे बारीक दाणे चिकटपट्टीने लावलेत. भात कालवायला गेलं की टोचतात, आणि काढले तर लेक ओरडते, कारण माझ्या मानदुखीवर इथल्या सनद भागातल्या कोरियन हस्तोपचार केंद्रातले उपचार ही तिनेच दिलेली भेट. तिथल्या मुलीने लिंबूपाणी देऊन मला समजावलं, की तळहात म्हणजे अख्ख्या शरीराचा नकाशा, मधल्या बोटाचं टोक म्हणजे डोकं. मी "अच्छा?" म्हणाले. तिला काय सांगणार, हा नकाशा अराद भागातल्या आमच्या जुन्या घरी, स्वयंपाकघरात फुकट मिळायचा म्हणून?

इथे आखातात तुमच्या बांधकामाच्या साइटवरच्या कोरियन फोरमनने तुम्हाला तो शिकवला. शिफ्ट सुटली की ड्रायव्हर, फिटर, सगळे आपल्या ओट्यापाशी. आई पोळ्या लाटते आहे आणि तुम्ही पेनाच्या बोथट बुडाने कुणाचा तरी अंगठा दाबताय. "यल्ला, चल, हात आण. ओरडू नकोस, गावाला बायकोला ऐकू जाईल." कुणी आभार मानले की फोरमनचा नियम सांगायचात: आभार नकोत, तू दुसऱ्या कुणाचा हात दाब, म्हणजे फिटलं. दुसरा नियम तुमचा स्वतःचा. एक ड्रायव्हर छातीत दुखतंय म्हणाला, तर तुम्ही त्याचा हात झटकलात. "छातीचं दुखणं हातावर नाही! आधी हॉस्पिटल!" भरल्या ताटावरून उठून त्याला घेऊन गेलात. तो आज रत्नागिरीत नातवंडं खेळवतोय.

आणि तुम्ही? त्याच ओट्यापाशी घामाने निथळत स्वतःचा तळहात दाबत बसलात. आई म्हणाली, "अहो, उठा, गाडी बोलावते." "थांब गं, गॅस आहे. उतरतंय बघ." गाडी आली तोवर तुम्ही गेला होतात. काय उतरत होतं, बाबा? जगाला हॉस्पिटल आणि स्वतःला पेनाचं बूड? कोरियाशी माझं भांडण नाही, फोरमनशीही नाही. तुमच्याशी आहे. लहानपणी माझी डोकेदुखी तुम्ही कितीदा घालवलीत, पण त्या दिवसानंतर मी कुणाच्या हाताला हात लावला नाही.

आज दुपारी आई खांदा धरून बसली होती.

"छातीत काही होतंय?"

"नाही गं. उजवा खांदा. काल पडदे धुतले ना."

"घाम? धाप?"

"मी काय तुझ्या बाबांसारखी खोटं बोलते?"

तरी संध्याकाळची डॉक्टरची वेळ घेतली. मग बोथट बुडाचं पेन शोधलं.

त्या दाण्यांनी माझी मान मोकळी झाली आहे, असं इथे लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. पत्र तसंही कुठे जाणार नाही. आईचा हात मांडीवर घेतला आणि अनामिकेचं मूळ, तुमच्या नकाशातला खांदा, पेनाच्या बुडाने दाबलं.

"आई गं! केवढ्या जोरात! रागावलीस का?"

"हो. तुझ्यावर नाही."

मग जरा हलक्या हाताने दाबलं.