डाव्या हाताची जागा

मुलुंड,
१४ जानेवारी १९५६

प्रिय वसुधा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, म्हणून कामाचं आधी लिहिते. सव्वीस जानेवारीला घाटकोपरच्या मैदानावर आपल्या मंडळाचं समूहगान आहे. बारा दिवस उरलेत आणि मंडळ मोडायच्या बेतात आहे. तू आलीस तर सावरेल. तुला बोलावण्याचा हक्क मला उरलेला नाही, हेही ठाऊक आहे. आज संक्रांत, पण तिळगूळ पाठवत नाही. गोड बोल म्हणायला मला तोंड नाही.

स्मरणिकेत मंडळाचा इतिहास छापायचाय, तो मी लिहायला घेतला. ‘स्थापना १९४७, सभासद बावीस’ एवढं लिहून थांबले. खरं कारण छापण्यासारखं नाही. विद्याधरराव गेल्यावर तू चार महिने कुणाशी बोलली नव्हतीस. तुझ्या सासूबाई मला म्हणाल्या, हिचं तोंड उघडेल असं काहीतरी कर बाई. मी बी. ए. झालेली, पेटी येणारी आणि हुकूम सोडायला सरावलेली. शेजारच्या सात जणी गोळा केल्या, गुरुवारी दुपारी बाहेरच्या खोलीत उभ्या केल्या आणि तुला ओढत आणून माझ्या डाव्या हाताला ठेवलं. सहाव्या गुरुवारी तू गायलीस. त्याच दिवशी नियम झाला, आवाज कसाही असो, कुणाला काढायचं नाही. रुक्मिणीबाई बारशाचं गाणंही रडल्यासारखं म्हणतात, त्यासुद्धा टिकल्या.

काढलं ते फक्त तुला. गेल्या श्रावणात, सगळ्यांदेखत. तीन गुरुवार मला तुझा आवाज आला नव्हता. “नुसते ओठ हलवायला इथे येऊ नकोस, वसुधा,” मी म्हणाले. मी गातेय गं, एवढंच तू म्हणालीस. खोटं बोलू नकोस, असं मी वर ऐकवलं. तू चपला घातल्यास, आणि पुढच्याच महिन्यात चेंबूरला भावाकडे राहायला गेलीस.

तुझ्या जागी मी पद्मजाला उभं केलं. ती नवी, कोवळी, घाबरट. तिचाही आवाज मला येईना. परवाच्या गुरुवारी गाणं थांबवून तिलाही तेच ऐकवलं. मग प्रेमा बोलली. आठ वर्षांत जिने माझ्यापुढे मान वर केली नाही, ती प्रेमा.

“ताई, सगळ्यांत मोठा आवाज तिचाच येतोय.”

पद्मजा रडत गेली, तिच्यामागून पाच जणी. उरलेल्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काय कळलं होतं ते मला घरात एकटी उरल्यावर कळलं.

काल डॉक्टरांनी खिशातलं घड्याळ माझ्या उजव्या कानाशी धरलं, मग डाव्या. डावीकडे काहीच नव्हतं. निदान वर्षभरापासून असं असणार, म्हणाले. म्हणजे तू गात होतीस. येत्या गुरुवारी मी हे सगळ्यांपुढे सांगणार आहे आणि पद्मजाच्या घरी जाऊन तिची माफी मागणार आहे. पण तुझ्याआधी ते कुणी ऐकू नये, म्हणून हे पत्र. पेटी प्रेमाकडे देतेय, सूर तू दे. मी रांगेत उभी राहीन. फक्त एक कर, या वेळी माझ्या उजव्या हाताला उभी राहा.

अजून तुझीच म्हणवून घेणारी,
मृणालिनी