पाचवा खलाशी

५ ऑक्टोबर २००९, आचरा

पोहोचले एकदाची! इचलकरंजीहून निघताना आईने डोळे पुसले होते, पण इथे यशोदाकाकूंनी दारातच हातातली बॅग काढून घेतली. माडीवरची खोली माझी. खिडकीतून माड, आणि माडांमधून समुद्र. काकूंचे यजमान हरिश्चंद्रकाका एका ट्रॉलरवर तांडेल आहेत, म्हणजे खलाशांचे म्होरके. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं, नाक गळेपर्यंत खाल्लं.

९ ऑक्टोबर

ज्या प्रोग्रामसाठी मला इथे बोलावलंय, ते मच्छीमार सोसायटीचं काम सोपं आहे. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलरची माहिती सचिव सत्यवान एका वेबपानावर भरणार: ट्रॉलर, तांडेल, खलाशी. बटण दाबलं की ती सर्व्हरकडे येते आणि माझा कोड पानावरच्या चौकटीचं नाव ‘फेरी’ या ऑब्जेक्टमधल्या खणाच्या नावाशी जुळवून पाहतो. जुळलं की आतला मजकूर खणात. याला बाईंडिंग म्हणतात. कोण पाठवतंय ते कोड विचारत नाही, नाव जुळलं की पुरे. सत्यवानला समजावलं तर हसून म्हणाला, आमच्या गावचे पावणे पण असेच येतत!

१४ ऑक्टोबर

आज काकांच्या ट्रॉलरची नोंद झाली. सत्यवानने चार खलाशी भरले. ऑब्जेक्टमध्ये खलाशांचे पाच खण आले, पाचवा रिकामा. पानावरून आलेला मजकूर उघडून पाहिला, त्यात चारच नावं. माझंच काहीतरी चुकत असणार.

१९ ऑक्टोबर

ट्रॉलर परतला. जेवताना काकूंनी खोदून विचारलं तेव्हा काका म्हणाले, "आमी माणसां पाच. आनी रोज ताटां सहा खरकटी." काकूंनी विषय बदलला.

२२ ऑक्टोबर

काका पुन्हा निघाले. तेच चार खलाशी. पाचव्या खणात आज नाव आहे. ‘किरण’. किरण तर दुसऱ्या खणात आहेच, मासे विकणाऱ्या काशीबाईंचा मुलगा. फक्त चारच घ्यायचे असं कोडला सांगितलं. तरी पाच. सत्यवान म्हणाला, चुकून दोनदा पडलं असेल. धक्क्यावर धावत गेले, ट्रॉलर निघून गेला होता.

२७ ऑक्टोबर

आले सगळे. तांडेल आणि चार खलाशी, किरणसुद्धा. मला रडूच आलं, आनंदाने. पण काशीबाई टोपली टाकून मागे सरकल्या. "ह्यो माझो झील न्हय," म्हणाल्या. त्याच्या अंगाला घामाचा वास नाही, नुसता खाऱ्या पाण्याचा येतो म्हणाल्या. लोकांनी त्यांना धरून घरी नेलं. किरण मागून चालत गेला. सावकाश.

३० ऑक्टोबर

खाडीच्या तोंडाशी प्रेत लागलं. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली, काशीबाईंनी त्यावरूनच ओळखलं आणि जी किंकाळी फोडली—

किरण गर्दीत उभा होता. बघत. अनवाणी. त्याची बोटं सुटी होती, दहाही.

३१ ऑक्टोबर

सत्यवानला सोसायटीतलं सर्व्हरचं मशीन बंद करायला लावलं. काका म्हणतात, फेरीत कोणीच पडलं नाही, रोज मोजत होते, चार भरत होते. भरणारच, किरणच्या जागी तो पाचवा होताच.

कुठून येतंय हे कळल्याशिवाय जाववत नाही. दुपारी खोलीत माझ्या लॅपटॉपवर नवं पान केलं. नेट नाही, वायर नाही. एकच चौकट. चाचणीसाठी हाताला आलं ते टाकलं — माझं नाव.

ऑब्जेक्टमध्ये दोन खण. जान्हवी. आणि खाली रिकामा.

१ नोव्हेंबर

पुसलं. सगळा कोड पुसला. तरी पान उघडतंय. दुसऱ्या खणात ‘जा’—

उद्या पहाटेची गाडी. काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, सकाळीच तर सांगितलंस गो.

मी सकाळी खाली उतरलेच नव्हते.

२ नोव्हेंबर

गाडी चुकली. दार बाहेरून लागलंय. खोलीभर फेऱ्या मारतेय, हाका मारायला जाते तर घशातून आवाज निघत नाही— लिहिता तेवढं येतंय.

खाली कपबश्या वाजतायत. कोणीतरी हसलं. माझ्यासारखंच. काकू विचारतायत, "गो जान्हवी, तू हंय बसलंस, मगे वयर कोण चलता?"

आणि माझा आवाज म्हणाला, थांबा काकू, मी बघून

जिन्यावर